द्रावणाचा पाठ आणि सोलापूरचे पाणी

माध्यमिक शाळेतील रसायनशास्त्राच्या अभ्यासात 'द्रावण' हा विषय वरकरणी साधा वाटतो. मीठ पाण्यात विरघळते, साखर पाण्यात विरघळते, हे विद्यार्थी शाळेत येण्यापूर्वीच जाणतो. त्यामुळे या भागाकडे परीक्षेतील दोन-चार गुणांचा भाग म्हणून पाहण्याची प्रवृत्ती दिसते. तथापि सोलापूर जिल्ह्याच्या अर्थव्यवहाराकडे नजर टाकली, तर या विषयाचे खरे महत्त्व ध्यानात येते. शहरातील चादरी आणि टॉवेल यांच्या सुताचे रंगकाम, माळशिरसपासून मंगळवेढ्यापर्यंत पसरलेले साखर कारखाने, सांगोला भागातील डाळिंबाच्या बागांवरील फवारणी, गावोगावच्या विहिरींचे निर्जंतुकीकरण आणि पंढरपूरच्या वारीत लक्षावधी भाविकांना पुरवावयाचे पाणी, ही सर्व कामे द्रावणांची कामे होत. या प्रत्येक ठिकाणी प्रश्न एकच असतो : किती पाण्यात किती पदार्थ? या प्रश्नाचे अचूक उत्तर काढता येणे, हेच द्रावणाच्या अभ्यासाचे सार होय.

द्रावण म्हणजे काय?

जो पदार्थ विरघळतो तो द्राव्य, ज्यात विरघळतो तो द्रावक, आणि दोहोंचे एकजीव मिश्रण म्हणजे द्रावण. एकजीव या शब्दात सर्व मर्म आहे. द्रावणाचा वरचा थेंब आणि तळचा थेंब यांत फरक नसतो. ते कितीही वेळ स्थिर ठेवले तरी द्राव्य तळाशी बसत नाही आणि गाळणकागदावर मागे राहत नाही. गढूळ पाणी हे द्रावण नव्हे, कारण त्यातील माती काही वेळाने खाली बसते. विहिरीचे पाणी स्वच्छ व पारदर्शक दिसत असूनही त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम यांचे क्षार विरघळलेले असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून नाहीत असे होत नाही. पाण्याचा पारदर्शकपणा आणि पाण्याची शुद्धता या दोन भिन्न गोष्टी आहेत, ही जाणीव या पाठाने दिली तरी त्याचे अर्धे कार्य साधले असे म्हणावयास हरकत नाही.

क्षार विरघळतो तेव्हा काय घडते, याचा उलगडा स्वीडनचे शास्त्रज्ञ स्वान्टे अरेनियस यांनी १८८४ मध्ये आपल्या प्रबंधात मांडला. मिठाचे पाण्यात विचरण होते आणि धनभारित व ऋणभारित आयन स्वतंत्रपणे वावरू लागतात, हे त्यांचे प्रतिपादन प्रारंभी अनेकांना पटले नाही. त्याच कार्यासाठी १९०३ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आम्लता मोजण्याचे जे माप आज मराठी पाठ्यपुस्तकांत 'सामू' या नावाने शिकविले जाते, ते १९०९ मध्ये सोरेन्सन यांनी कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग या मद्यनिर्मिती उद्योगाच्या प्रयोगशाळेत तयार केले. उद्योगाच्या गरजेतून शास्त्र आणि शास्त्रातून उद्योगाची सुधारणा, असा हा परस्परसंबंध आहे. सोलापूरसारख्या उद्योगाच्या जिल्ह्यात त्याची उदाहरणे शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही.

'टक्के' कशाचे?

द्रावणात द्राव्याचे जे प्रमाण असते त्यास संहती म्हणतात. महाराष्ट्रात २०१७ साली आलेल्या इयत्ता नववीच्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात आम्ल, आम्लारी व क्षार यांच्या पाठात संहतीची ओळख करून दिलेली आहे. एक लिटर द्रावणात किती ग्रॅम द्राव्य आहे, अथवा किती मोल आहे, अशा दोन्ही रीतींनी ती मांडता येते. व्यवहारात मात्र 'टक्के' हाच शब्द रूढ आहे आणि घोटाळ्याचे मूळही बहुधा तेथेच असते.

बाजरीवरील अरगट रोगाच्या प्रतिबंधासाठी पेरणीपूर्वी बियाणे मिठाच्या वीस टक्के द्रावणात टाकण्याची शिफारस कृषी विभाग करीत आला आहे. त्यासाठी १० लिटर पाण्यात २ किलो मीठ घ्यावे असे सांगितले जाते. मिठामुळे द्रावणाची घनता वाढते. रोगट पेशी व हलके, पोचट दाणे वर तरंगतात आणि वजनदार, निरोगी बी तळाशी बसते. तरंगणारा भाग काढून टाकून तळचे बी दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवावयाचे असते. आता, १० लिटर पाण्याचे वजन १० किलो. त्यात २ किलो मीठ मिसळल्यावर द्रावणाचे एकूण वजन १२ किलो होते. म्हणजे वजनाच्या हिशोबाने हे द्रावण वीस नव्हे, तर सुमारे १६.७ टक्के ठरते. वजनाने नेमके वीस टक्के हवे असेल, तर १० लिटर पाण्यास अडीच किलो मीठ लागेल. कृषी विभागाची शिफारस चुकीची आहे असा याचा अर्थ नव्हे. तेथे 'टक्के' म्हणजे शंभर भाग पाण्यामागे वीस भाग मीठ असा व्यवहारातील अर्थ आहे. प्रयोगशाळेत मात्र टक्के म्हणजे शंभर भाग द्रावणातील भाग. दोन्ही रीती आपापल्या जागी योग्य असल्या, तरी कोणती रीत अभिप्रेत आहे हे विचारण्याची सवय विद्यार्थ्यास लागली पाहिजे.

रंगकामात या शब्दाचा तिसराच अर्थ आढळतो. १८७० च्या दशकात सोलापुरात कापड गिरणी उभी राहिली. पुढे तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हातमागावर आणि नंतर यंत्रमागावर या शहराचे नाव देशभर पोचविले. सोलापुरी चादरीची ओळख तिच्या वीणकामाइतकीच तिच्या पक्क्या रंगात आहे. रंगकामाच्या कारखान्यात 'दोन टक्के छटा' म्हटली म्हणजे पाण्याच्या नव्हे, तर सुताच्या वजनाच्या दोन टक्के रंग. ५० किलो सुतास दोन टक्के छटा द्यावयाची तर १ किलो रंग लागतो. सुताच्या दहापट पाणी घेतले तर ते ५०० लिटर होते आणि त्या पाण्यातील रंगाची संहती लिटरला २ ग्रॅम, म्हणजे सुमारे ०.२ टक्के इतकीच असते. लिटरला ५० ग्रॅम या प्रमाणात मीठ घालावयाचे असेल तर २५ किलो मीठ मोजावे लागेल. सुतावर रंग चढण्यासाठी मीठ का घालतात, याचेही उत्तर द्रावणाच्या शास्त्रातच आहे. पाण्यात सुती धाग्यावर किंचित ऋणभार येतो. रंगाचे कणही ऋणभारित असल्याने ते एकमेकांस दूर लोटतात. मिठाचे आयन हा विरोध कमी करतात व रंग पाण्यातून धाग्याकडे वळतो.

विहिरीचे गणित

पंचायत सदस्यांच्या दृष्टीने द्रावणाचे सर्वांत निकडीचे गणित पिण्याच्या पाण्याचे आहे. गावाच्या विहिरीत टी.सी.एल. पावडर, म्हणजे विरंजक चूर्ण, टाकण्याची जबाबदारी ग्रामपंचायतीची असते. चांगल्या प्रतीच्या पावडरीत वजनाने सुमारे ३३ टक्के उपयुक्त क्लोरीन असतो. सर्वसाधारण स्वच्छ पाण्यास १,००० लिटरमागे अडीच ग्रॅम पावडर हे प्राथमिक प्रमाण धरले जाते. पाणी गढूळ असल्यास मात्रा वाढवावी लागते.

एक उदाहरण घेऊ. गोल विहिरीचा व्यास ५ मीटर आहे व तीत ४ मीटर उंचीचे पाणी आहे. त्रिज्या अडीच मीटर, तिचा वर्ग सव्वासहा, त्यास ३.१४ ने व नंतर ४ ने गुणले असता ७८.५ घनमीटर हे आकारमान मिळते. एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर. यास्तव विहिरीत ७८,५०० लिटर पाणी आहे आणि त्यास सुमारे १९६ ग्रॅम पावडर लागेल. पावसाळ्यात पाण्याची उंची ८ मीटर झाली की पाणी दुप्पट होते व पावडरही ३९२ ग्रॅम लागते. जो कर्मचारी वर्षभर एकाच 'मुठीच्या मापाने' पावडर टाकतो, तो नेमक्या रोगराईच्या दिवसांत गावाला निम्मी मात्रा देतो.

याहून सूक्ष्म अशी दुसरी चूक पावडरीच्या साठवणुकीत होते. विरंजक चूर्ण उष्णतेने व दमट हवेने आपला क्लोरीन गमावते. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत उघडे राहिलेले पोते पांढरेच दिसते, वजनही तेवढेच भरते, परंतु त्यातील क्लोरीन निम्म्यावर येऊ शकतो. ३३ टक्के क्लोरीन असलेली १९६ ग्रॅम पावडर वरील विहिरीत टाकली असता लिटरला सुमारे ०.८ मिलिग्रॅम क्लोरीन मिळतो. तीच पावडर निम्म्या शक्तीची असेल तर केवळ ०.४ मिलिग्रॅम मिळतो आणि त्यातील बराचसा पाण्यातील सेंद्रिय द्रव्यांशी संयोग होण्यात खर्ची पडतो. नोंदवहीत 'पावडर टाकली' अशी नोंद होते, पण जंतू मात्र जिवंत राहतात. म्हणून पावडर हवाबंद, थंड व कोरड्या जागी ठेवणे आणि तिच्यातील क्लोरीनची वेळोवेळी तपासणी करून घेणे आवश्यक असते.

पावडर थेट विहिरीत फेकणेही योग्य नाही. ती प्रथम बादलीत थोड्या पाण्यात कालवून, मग अधिक पाणी घालून ढवळावी व काही मिनिटे स्थिर ठेवावी. न विरघळणारा चुना तळाशी बसतो. वरचे निवळ द्रावण तेवढे दुसऱ्या बादलीत घेऊन ते विहिरीच्या पाण्यात नीट मिसळावे. त्यानंतर किमान अर्धा ते एक तास पाणी वापरू नये. पुढे ओ.टी. चाचणी करावयाची. ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकल्यावर येणाऱ्या पिवळ्या छटेवरून शिल्लक क्लोरीन समजतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार ग्राहकाच्या नळाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा लागतो. आरोग्य विभागाच्या पाहणीनंतर गावास मिळणाऱ्या हिरव्या, पिवळ्या वा लाल कार्डाच्या मागे असे साधे, पण नियमितपणे करावयाचे गणित असते.

पंढरपूरच्या आषाढी वारीत हेच गणित टँकरच्या मापाने करावे लागते. १०,००० लिटरच्या टँकरला लिटरमागे १ मिलिग्रॅम क्लोरीन द्यावयाचा तर १० ग्रॅम क्लोरीन, म्हणजे ३३ टक्के पावडर सुमारे ३० ग्रॅम लागते. एवढ्याशा पावडरीवर हजारो वारकऱ्यांचे आरोग्य अवलंबून असते. एकेकाळी यात्रा आणि पटकी हे समीकरण देशभर रूढ होते. ते मोडण्यात लसीकरण आणि स्वच्छता यांच्याबरोबर पाण्याच्या निर्जंतुकीकरणाचाही मोठा वाटा आहे.

जलसंजीवनी : नेमक्या प्रमाणाचे महत्त्व

अतिसारावरील जलसंजीवनी हे द्रावणाच्या शास्त्राने मानवजातीस दिलेले मोठे वरदान होय. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी या उपचाराचा मोठ्या प्रमाणावर अवलंब करून असंख्य प्राण वाचविले. २००२ पासून जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेल्या मिश्रणात एक लिटर पाण्यासाठी ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम व पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम असते. हे प्रमाण अशा रीतीने ठरविलेले आहे की आतड्यातून पाणी शरीरात शोषले जावे.

एक लिटरचे पाकीट एका पेल्यात कालविले तर द्रावण तीव्र होते आणि परासरणामुळे पाणी शरीरात जाण्याऐवजी उलट आतड्याकडे ओढले जाते. फार पातळ केले तर क्षारांची भरपाई होत नाही. म्हणजे औषध तेच, परंतु संहती चुकली की ते अपायकारक अथवा निरुपयोगी ठरते. पाकीट नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. येथे 'सपाट' हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण शीग भरलेला चमचा प्रमाण बिघडवितो.

डाळिंबाच्या बागेतील रसायनशास्त्र

डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र २००५ पासून सोलापुरात आहे, यावरून या पिकाचे जिल्ह्यातील स्थान लक्षात येईल. या पिकाचा मोठा शत्रू म्हणजे तेल्या रोग. त्याच्या नियंत्रणाच्या उपायांत बोर्डो मिश्रणाचा समावेश होतो. फ्रान्समधील बोर्डो परिसरात द्राक्षवेलींवरील केवडा रोगासाठी हे मिश्रण प्रथम वापरात आले व १८८५ मध्ये मिलार्देत यांनी ते प्रसिद्ध केले. एक टक्का बोर्डो मिश्रणासाठी १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना व १०० लिटर पाणी असे प्रमाण घेतले जाते.

या एका कृतीत इयत्ता नववी व दहावीच्या अभ्यासक्रमाचे कितीतरी भाग एकवटलेले आहेत. मोरचुदाच्या निळ्या स्फटिकांत सुमारे ३६ टक्के स्फटिकजल असते, आणि एक किलो मोरचुदात तांबे भरते सुमारे २५५ ग्रॅम. मोरचुदाचे द्रावण आम्लधर्मी असते. ते तसेच फवारले तर पाने करपतात. चुन्याने त्याचे उदासिनीकरण होते व तांबे अविद्राव्य रूपात पानावर चिकटून राहते. दोन्ही द्रावणे वेगवेगळ्या भांड्यांत करून मग एकत्र करावयाची असतात. भांडे लोखंडाचे वा अन्य धातूचे चालत नाही, प्लास्टिकचे अथवा मातीचे लागते.

मिश्रण तयार झाल्यावर जाणकार बागायतदार त्यात लोखंडी विळा किंवा खिळा क्षणभर बुडवून पाहतो. लोखंडावर तांबूस थर आला तर मिश्रणात तांबे अद्याप विरघळलेल्या अवस्थेत आहे व आणखी चुन्याची निवळी घालणे आवश्यक आहे, असे तो समजतो. लोह तांब्यास त्याच्या द्रावणातून विस्थापित करते, ही पाठ्यपुस्तकातील विस्थापन अभिक्रिया होय. शाळेत परीक्षानळीत खिळा बुडवून जे दाखविले जाते, तेच बागेत प्रत्यक्ष निर्णयासाठी वापरले जाते. हा दुवा शिक्षकाने जोडून दिला, तर बागायतदाराच्या मुलास समीकरण पाठ करावे लागणार नाही.

साखर कारखाना : संपृक्ततेचा पाठ

ठरावीक तापमानास पाण्यात पदार्थ विरघळण्याची एक मर्यादा असते. ती गाठली की द्रावण संपृक्त झाले असे म्हणतात. २० अंश सेल्सियसला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळते, तर साखर सुमारे २०० ग्रॅम विरघळते. पाणी उकळीपर्यंत तापविले तर मिठाची मर्यादा फारशी वाढत नाही, साखरेची मात्र दुपटीहून अधिक होते. चुन्याचे आणि वायूंचे वर्तन याच्या उलट असते. पाणी तापले की ते कमी विरघळतात. २० अंशांस एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो, तर ३० अंशांस साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास. उन्हाळ्यात तलावातील मासे गुदमरण्यामागे हेही एक कारण असते.

सोलापूर हा राज्यात साखर कारखान्यांची संख्या सर्वाधिक असलेल्या जिल्ह्यांपैकी एक. कारखान्यात उसाचा रस चुना व गंधकाच्या धुराने निर्मळ करतात, त्यातील पाणी आटवून दाट पाक करतात आणि तो निर्वात पॅनमध्ये आणखी दाट करतात. हवेचा दाब कमी केल्याने पाक कमी तापमानास उकळतो व साखर करपत नाही. पाक संपृक्ततेच्या मर्यादेपलीकडे, म्हणजे अतिसंपृक्त अवस्थेत गेला की त्यात साखरेचे बारीक कण बीज म्हणून सोडतात. त्यांच्याभोवती दाणा वाढत जातो. शेवटी यंत्राने दाणा व मळी वेगळी केली जाते. ऊस उत्पादकांच्या बोलण्यात येणारा 'ब्रिक्स' हा शब्द म्हणजेही रसातील विरघळलेल्या घनपदार्थांचे वजनी टक्के. उसाच्या पक्वतेचा अंदाज त्यावरून बांधतात. ज्या संहतीचे गणित विद्यार्थ्यास वहीत निरस वाटते, त्याच संहतीशी त्याच्या घरच्या उसाच्या तोडणीची वेळ जोडलेली असते.

कठीण पाणी आणि एक सोपा प्रयोग

दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकांतून झिरपणाऱ्या भूजलात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळतात आणि पाणी कठीण बनते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह व अन्य स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंत अनुज्ञेय मानतात. असे पाणी रंगकामासही त्रासदायक ठरते. कॅल्शियमच्या आयनांमुळे काही रंगांचा साका बनतो व सुतावर डाग उमटतात.

हा कठीणपणा मोजण्याचा प्रयोग खेड्यातील कोणत्याही शाळेत करता येतो. पावसाचे साठविलेले पाणी, नळाचे पाणी आणि कूपनलिकेचे पाणी सारख्या मापाने तीन बाटल्यांत घ्यावे. साबणाचे पातळ द्रावण करून प्रत्येक बाटलीत थेंबाथेंबाने टाकावे व बाटली हलवावी. टिकाऊ फेस येण्यास कोणत्या पाण्याला किती थेंब लागले ते लिहून ठेवावे. पावसाच्या पाण्यास मोजकेच थेंब पुरतात, कूपनलिकेच्या पाण्यास कितीतरी अधिक लागतात. पाणी उकळून, गाळून तोच प्रयोग पुन्हा केला तर थेंब किती कमी झाले यावरून तात्पुरता व कायम कठीणपणा यांतील भेद समजतो.

याच रीतीने सूक्ष्म संहतीचीही कल्पना देता येते. एक लिटर पाण्यात १ ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट विरघळवावे. त्यातील १०० मिलिलिटर घेऊन पाणी घालून ते एक लिटर करावे. हीच कृती आणखी दोनदा करावी. शेवटच्या भांड्यात लिटरला अवघे १ मिलिग्रॅम द्राव्य उरते, तरीही पांढऱ्या कागदासमोर धरल्यास फिकट गुलाबी छटा दिसते. दशलक्ष भागांत एक भाग म्हणजे किती, हे विद्यार्थी डोळ्यांनी पाहतो. विहिरीतील क्लोरीन मोजला जातो तो याच पातळीवर, हे मग वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

शिक्षणातील अडचणी

या विषयाच्या अध्यापनात दोन प्रमुख अडचणी आहेत. पहिली भाषेची. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दू या भाषा घरोघरी बोलल्या जातात. संहती, विचरण, अवक्षेप हे शब्द मराठी घरातील मुलासही नवेच असतात. दहावीपर्यंत ते आत्मसात होतात न होतात तोच अकरावीला विज्ञान शाखेत बहुधा इंग्रजी माध्यम येते व तेच अर्थ नव्या शब्दांतून शिकावे लागतात. बारावीत द्रावणे हे स्वतंत्र प्रकरण असल्याने येथे कच्चेपणा राहिला तर पुढील अभ्यास डळमळतो. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील शाळांत काम करून भाषेच्या अडसराकडे शिक्षणक्षेत्राचे लक्ष वेधले होते. तो विचार आजही उपयुक्त आहे. शिक्षकाने प्रथम 'पातळ-दाट', 'साका', 'निवळी' या घरगुती शब्दांनी कल्पना स्पष्ट करावी, नंतर पारिभाषिक संज्ञा द्यावी आणि दहावीच्या वर्षी तिचा इंग्रजी पर्यायही फळ्यावर लिहावा.

दुसरी अडचण प्रयोगांची. परिपूर्ण प्रयोगशाळा सर्वत्र असतेच असे नाही. परंतु वर सांगितलेल्या प्रयोगांना मोजपात्र, तराजू व पारदर्शक बाटल्या यांखेरीज फारसे काही लागत नाही. हळद व जास्वंदीच्या फुलांचा अर्क यांचा दर्शक म्हणून उपयोग होतो. सुरक्षिततेचे नियम मात्र कटाक्षाने पाळले पाहिजेत. आम्ल नेहमी पाण्यात सावकाश ओतावे, आम्लात पाणी ओतू नये. मोरचूद, कळीचा चुना, विरंजक चूर्ण व ऑर्थोटोलिडिन शिक्षकाने स्वतः हाताळावे.

शाळा आणि पंचायत

जलजीवन मिशनमध्ये २०१९ पासून गावपातळीवर पाण्याच्या तपासणीचे संच देण्यात आले व प्रत्येक गावातील पाच महिलांना तपासणीचे प्रशिक्षण देण्याची योजना झाली. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत पाण्याचे नमुने तपासले जातात. ही सर्व साधने शाळेच्या विज्ञानवर्गाशी जोडणे अवघड नाही. गावातील विहिरींचा व्यास आणि दरमहा पाण्याची उंची यांची नोंद नववीच्या विद्यार्थ्यांनी ठेवावी, त्यावरून पावडरीची मात्रा काढावी व तो तक्ता ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. प्रशिक्षित महिलांनी वर्गात येऊन तपासणी करून दाखवावी. प्रयोगशाळेचा अहवाल आला म्हणजे त्यातील सामू, कठीणपणा, नायट्रेट व फ्लोराइड यांचे आकडे शिक्षकाने ग्रामसभेत समजावून सांगावेत. अधिकृत तपासणीची जागा विद्यार्थ्यांची नोंद घेऊ शकत नाही. तरीही मात्रा चुकत असल्यास ती चूक वेळीच दाखवून देण्याचे काम ती निश्चितपणे करू शकते.

द्रावणाच्या अभ्यासातून विद्यार्थ्यास अंदाजाने नव्हे तर मोजून काम करण्याची सवय लागते. अल्प पर्जन्याच्या सोलापूर जिल्ह्यात पाण्याचा प्रत्येक थेंब मोलाचा आहे. त्या थेंबात काय आणि किती विरघळले आहे, हे सांगू शकणारी पिढी शाळेतून बाहेर पडली, तर तिचा लाभ रंगाऱ्याच्या हौदापासून गावाच्या विहिरीपर्यंत सर्वत्र दिसून येईल. त्यासाठी नव्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. पाठ्यपुस्तक, तराजू आणि गावातील पाणी ही साधने प्रत्येक शाळेच्या आवाक्यात आहेत.